सान्सुकेला तिथंच सोडायचं होतं

५ जानेवारी

पोचलो एकदाचे! रस्ता डिसेंबरातच बर्फाखाली गेला, म्हणून शेवटचा दीड तास साखळीपट्ट्याच्या गाडीतून बटाट्याच्या गोण्यांसारखे हिंदकळत आलो. तोकुजीची सारी वाट बडबड. गाडीवाल्याला सांगत होता, चव्वेचाळीस वर्षं बायको सांभाळली, आता जंगल सांभाळायला दिलंय. त्यातल्या त्यात जंगल सोपं, ते उलटून बोलत नाही. गाडीवाला हसून हसून बेजार. मी म्हटलं, कोण कोणाला सांभाळतं ते पहिल्या जेवणाला कळेल.

कुरोमोरीचं राखीव जंगल म्हणजे नजर जाईल तिथवर बुनाची झाडं. राखाडी, गुळगुळीत खोडं, कमरेपर्यंत बर्फात उभी. जंगलाच्या तोंडाशी लाकडी चौकी. हिवाळ्यात शहरातली माणसं इथं स्कीवर घसरायला येतात, नाहीतर पायाला कान्जिकी बांधून बर्फावर चालायला. मी त्यांचं रांधायचं, तोकुजीनं त्यांच्या स्की आणि कान्जिकी दुरुस्त करायच्या. कान्जिकी म्हणजे वाकवलेल्या फांदीचं कडं नि त्यात दोरीची वीण. लाकडाच्या बादल्या नि पिंपं बांधण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते वाकवणं म्हणजे पोरखेळ. त्या धंद्यानं त्याच्या डाव्या हाताची अर्धी करंगळी खाल्ली, मग प्लास्टिकच्या बादल्यांनी धंदाच खाल्ला.

चौकी नारुमीबाईंच्या ताब्यात. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलायला सडेतोड. लाकूडफाटा बघायला कुदोआजोबा, ऐंशीच्या पुढचे. पूर्वी अस्वलांच्या शिकारीला जायचे. एवढीच आम्ही चार माणसं. स्वयंपाकघरामागची खोली आम्हाला मिळाली. दोन गाद्या, एक खिडकी, खिडकीभर जंगल.

युद्धात माझी शाळा सुटली ती सुटलीच. अक्षरं शिकले ती मासळी बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवरून. तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

८ जानेवारी

कामाचं गाडं रुळावर आलं. पहाटे भात, मिसोचं सार, खारवलेला मुळा. दुपारच्या शिदोरीला भाताचे मुटके. पाहुणे भाताला बोटं चाटतात नि मुळ्याला तोंडं वेडीवाकडी करतात. तोकुजी म्हणाला, तुझा मुळा खाऊन मी चव्वेचाळीस वर्षं टिकलो, ही माणसं चार दिवस टिकली तरी पुष्कळ.

मी कान्जिकी बांधून चालायला शिकले. पाय फाकवून, बदकासारखं. दोनदा आपटले. म्हाताऱ्यानं उठवायच्या आधी पोटभर हसून घेतलं.

इथली एक रीत मला आवडली. चौकीपासून हाकेच्या अंतरावर दोन जुन्या बुनांमध्ये गवताची जाड दोरी बांधलीय. तिच्या पलीकडे जंगल. दोरीखालून जाण्याआधी नारुमीबाई प्रत्येकाचं नाव पुकारतात, ज्यानं त्यानं ओ द्यायची. परतल्यावर दोरीच्या अलीकडे पुन्हा तेच. सगळ्या ओ मिळाल्याशिवाय चहासुद्धा नाही. तोकुजीला रोज काहीतरी चावटपणा सुचतो. आज म्हणाला, हजर आहे, पण बायकोला सांगू नका. नारुमीबाईंनाही हसू आवरेना.

१३ जानेवारी

आज मीही जंगलात गेले! एका गायनमंडळातल्या नऊ बाया आल्या होत्या, सगळ्या साठीच्या आसपासच्या, चिवचिवाट नुसता. पुढं नारुमीबाई, दुरुस्तीची पिशवी घेऊन तोकुजी, शिदोरी घेऊन मी.

निघणार तोच कुदोआजोबा कुऱ्हाड टाकून आडवे आले. मोजा म्हणाले. मोजले तर बारा. बारा जणांनी हिवाळ्यात डोंगरात शिरायचं नसतं. बारा हा डोंगरदेवीचा आकडा, तिची लेकरं बारा, बाराजण शिरले की तिला ते आपलेच वाटतात. मला वाटलं, नारुमीबाई उडवून लावतील. पण त्या वाद न घालता तोकुजीला म्हणाल्या, एक लाकूड घ्या.

तोकुजीनं पाव तासात वीतभर बाहुली कोरली. अशा बाहुलीचं नाव ठरलेलं: सान्सुके. हा तेरावा सोबती. दोरीपाशी नारुमीबाईंनी त्याचंही नाव पुकारलं आणि त्याच्या वतीनं ओ दिली. दुपारी बर्फात बसून जेवलो तेव्हा त्याच्यापुढेही भाताचा मुटका ठेवला. बाया गायल्या. वरून फांद्यांवरचा बर्फ पिठासारखा झरत होता. इतकं पांढरं, इतकं शांत की स्वतःचा श्वास कुणा दुसऱ्याचा वाटावा.

येताना रीत अशी की सर्वांत मागे चालणाऱ्यानं दोरीखालून बाहेर पडायच्या आधी सान्सुकेला डाव्या खांद्यावरून मागं टाकायचं आणि वळून बघायचं नाही. तो जंगलात राहतो, बारा जण घरी येतात. सर्वांत मागे मीच होते.

खरं ते लिहिते. मला टाकवला नाही. म्हाताऱ्यानं त्याला हसरं तोंड काढलं होतं, एक भुवई वर. आमच्या पोटी काही झालं नाही. ते दुःख केव्हाच सुकून गेलंय, पण तो एवढासा जीव रात्रभर बर्फात पडणार या कल्पनेनं हात उठेना. मी त्याला कोटात घातला आणि त्याच्याऐवजी बर्फाचा गोळा मागं फेकला. थप्प आवाज झाला. कुदोआजोबांनी विचारलं, नीट पडला ना? मी हो म्हटलं. ताकास तूर लागू दिली नाही.

१४ जानेवारी

तोकुजीला दाखवला. आधी डोळे मोठे केले, मग म्हणाला, म्हातारे, अडुसष्टाव्या वर्षी पोर झालं तुला, लोक काय म्हणतील? तोंड बापासारखं आहे म्हणाला, अक्कल आईची नसली म्हणजे मिळवली. उशाच्या फळीवर ठेवलाय. दोघंही उगाच खूश आहोत. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.

१६ जानेवारी

आज केनोशिरु नावाचं सार केलं. मुळा, गाजर, डोंगरातला नेचा, सोयाबीन, सगळं तांदळाएवढं बारीक चिरायचं. दिवस त्यातच गेला. चार माणसांच्या चार वाट्या वाढल्या. आवरायला गेले तर उष्ट्या वाट्या पाच. नारुमीबाई म्हणाल्या, मी एकच घेतली. कुदोआजोबा म्हणाले, मला दात कुठायत दोनदा खायला. तोकुजीनं आळ माझ्यावर घातला.

त्याच्या पायाची बोटं बधिर झालीत. शेगडीपाशी बसवून चोळली. म्हणतो, दुखत नाही, फक्त माझी वाटत नाहीत.

१९ जानेवारी

सात जणांची तुकडी होती, तोकुजी बरोबर निघाला. दोरीपाशी नारुमीबाईंनी सगळी नावं पुकारली आणि त्याचं गाळलं. तो म्हणाला, बाई, मी आंघोळ केली नाही म्हणून का? सगळे हसले. त्यांनी यादी बघितली. नाव होतं, त्यांच्याच हातचं. डोळा चुकला म्हणाल्या. परतताना पुन्हा गाळलं. या वेळी कुणी हसलं नाही, तोकुजीही नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली. खोलीत येऊन बघते तो फळीवर सान्सुके नाही. गाद्या झटकल्या, तांदळाचं पिंप रिकामं केलं. तोकुजीनं घेतलेला नाही.

२१ जानेवारी

फाटा आणायला गेले तेव्हा कुदोआजोबांनी मायेनं विचारलं, एकटीनं एवढ्या लांब यायचं धाडस कसं केलंत? मी म्हटलं, एकटी कुठली? तोकुजी तिथंच, दहा पावलांवर, कान्जिकीची दोरी आवळत बसला होता. आजोबांनी तिकडं बघितलं. फार वेळ बघितलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

मी सगळं कबूल केलं.

ते रागावले नाहीत, ते वाईट. तिथंच ओंडक्यावर बसले. म्हणाले, नाव पुकारलं, ओ दिली, भात वाढला; म्हणजे तो माणूस झाला, पोरी. डोंगराला तेरावा कबूल केला आणि तू त्याला घरी आणलास. आता डोंगर बारांतला एक घेईल. ओढून नाही नेत. आधी लोकांच्या जिभेवरून पुसतो, मग डोळ्यांतून, सर्वांत शेवटी घरच्यांच्या मनातून. आणि त्याची जागा रिकामी राहत नाही.

मग म्हणाले, बाहुली सापडली तर लगेच दोरीपलीकडे टाक. उशीर झाला तर एकच वाट उरते: त्या तेराव्याला दोरीशी ने, ज्याला नेलंय त्याला नावानं हाक मार आणि तो आला की हात धरून बाहेर आण. हात धरल्याशिवाय त्याला दोरी ओलांडता येणार नाही. आणि हात ओळखीचाच हवा.

सगळी चौकी पालथी घातली. नाही सापडला.

२२ जानेवारी

तोकुजीला सांगितलं. ऐकून घेतलं, म्हणाला, बरं. एवढंच. चव्वेचाळीस वर्षांत हा माणूस एका शब्दावर कधी थांबला नव्हता. मी म्हटलं, चला इथून, आत्ता. गाडी शुक्रवारशिवाय येत नाही. त्याचा हात हातात घेऊन बसले. त्याच्या हाताला माझा हात कळत नव्हता. माझ्याही बोटांची टोकं आता कळेनाशी झालीत. थंडीचं बधिरपण हे नव्हे. चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा.

वहीत उतरवलेलं आहे सगळं, एवढाच धीर.

२३ जानेवारी

डोळा लागला माझा. जागी झाले तर त्याची गादी थंड. नारुमीबाईंनी वाटेवर लाल चिंध्या बांधायला पाठवलं, म्हणे. कुणाला पाठवलं ते नाव त्यांना आठवेना.

दुपारी परत आला. शेगडीपाशी बसला. खांद्यावरचा बर्फ वितळला नाही. मी वाटी दिली, त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

बोटं मोजली. दहा. दहाही पुरी.

एक भुवई वर आहे.

२४ जानेवारी

नारुमीबाई म्हणाल्या, तुमचे सान्सुके फार शांत, तुम्ही नशीबवान. माझा नवरा तर बोलून बोलून डोकं उठवायचा. मी म्हटलं, हा माझा नवरा नाही. त्या हसल्या. सगळ्याच बायका असं म्हणतात म्हणाल्या.

कुदोआजोबांकडे धावले. तीन दिवसांमागं त्यांनी जे सांगितलं ते वहीतून वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं. म्हणाले, म्हातारी माणसं अशा गोष्टी सांगायची खरी. कोणी सांगितली तुला? आणि सान्सुकेला निरोप दे, फाटा छान फोडतो.

रडू यायला हवं होतं. वाट बघितली. आलं नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव तोकुजी. माझ्या नवऱ्याचं नाव तोकुजी. तो बडबड्या आहे. तो बादल्या करायचा.

२५ जानेवारी

बर्फ पडतोय. पाहुणे नाहीत. मुळा केला. सान्सुकेला मुळा आवडतो, वाटी चाटूनपुसून. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, कधी उलटून बोलला नाही. नीट आहे सगळं.

२६ जानेवारी

काल मी काय लिहिलं? अक्षर माझंच.

पहिल्या पानापासून वाचलं. तोकुजी. गाडीत हसवणारा. मला उठवायच्या आधी हसणारा. वाचताना ओठ हलले, आत काही हललं नाही. शेजारच्या घरातलं मयत कळावं तसं.

दुपारी जंगलातून हाक आली. म्हातारे — म्हातारे गं —

नारुमीबाई म्हणाल्या, फांदीवरून बर्फ घसरला. सान्सुके मान वळवून जंगलाकडे बघत होता. मग माझ्याकडे.

२७ जानेवारी

पुन्हा हाक. दिवसभर. आवाज बसत चाललाय.

कोणाचा ते वहीत बघावं लागलं.

उद्या नेते त्याला दोरीशी. अजून कळतंय तोवर. हाक मारायची, हात धरायचा, आणायचं. हातावर नाव लिहिलंय — तोकुजी — कोळशानं. पेन्सिल धरतेय की नाही ते बघून ठरवावं लागतं. माझा माणूस आहे तो. असं लिहिलंय. मी त्याला परत आणणार.

देवा, मला थोडी तरी भीती दे.

२८ जानेवारी, दुपार

जाऊन आले.

सान्सुकेला म्हटलं चला. आला. माझ्या मागून, बर्फ न करकरता. दोरीपाशी त्याला उभं केलं नि मी दोरीकडे तोंड केलं. हातावरचं वाचून हाक मारली. तीनदा.

ओ आली. लगेच. काहीतरी विनोदही केला — इतका उशीर का, पोर झोपवत होतीस का — असं काहीतरी.

झाडांतून एक म्हातारा आला. पडत, उठत. मिशांवर बर्फ. ओठ निळे. हसत होता नि रडत होता. दोरीपलीकडे उभा राहिला नि हात पुढं केला. म्हातारे, धर म्हणाला.

मी बघितलं त्याच्याकडे. खूप वेळ. खरंच बघितलं.

मी त्या माणसाला ओळखत नाही.

त्यानं माझं नाव घेतलं. किनुए. मग आमची गल्ली, दुकान, माझ्या आईचं नाव — परक्याला कसं ठाऊक? आता भीती आली. किती दिवसांनी. मागं हात केला तर सान्सुके तिथंच. त्याचा हात धरला. ऊबदार होता. घरी आलो.

तो अजून ओरडतोय. नारुमीबाईंना ऐकू येत नाही. मला येतं, पण कमी कमी.

वाईट वाटतं. कुणाचा तरी माणूस असेल.

हाताला कोळसा कसला लागलाय, धुतला.

सान्सुके उठला. माझ्या खांद्यावरून वाचतोय. त्याला वाचता येतं हे — बोललाही. पहिल्यांदाच. छान आवाज, कुठंतरी ऐकलेला. म्हणतो, पुरे आता, वही शेगडीत टाक, नाहीतर तो शांत होणार नाही. बरोबरच आहे. टाकते. फक्त त्या बिचाऱ्याचं नाव एकदा वाचून, कुणाला तरी कळवायला हवं ना, पहिल्या पानावर होतं, ते —